भिंतीला ताप आला होता

"आई, भिंतीला ताप आलाय!" तीन वर्षांची चिमी म्हणाली, तेव्हा तिची आई हसली. "हो का? मग औषध दे तिला," म्हणाली आणि इस्त्री फिरवत राहिली.

मित्रांनो, मी त्याच भिंतीवरचा. मी एक जुना फ्यूज बोर्ड आहे. चिनी मातीच्या तीन फ्यूजचा, कामाला चोख, आणि माणसांबद्दल फारसा आदर न उरलेला.

कारखान्यातून निघताना मला एकच शिकवण मिळाली होती. वायरीवर भार वाढला की पोटातली बारीक तार वितळवायची आणि वीज तोडायची. आधी आमच्या गाळ्यात पुस्तकांची बांधणी चाले. मी उडालो की बाइंडरकाका म्हणत, "राखणदार आहे हो हा!"

मग चिमीच्या आईने, म्हणजे इस्त्रीवाल्या ताईंनी, गाळा भाड्याने घेतला. दोन दणकट इस्त्र्या, वर कपडे धुण्याचं मशीन. मी दिवसातून तीनदा उडू लागलो. करारात स्वच्छ लिहिलं होतं: भिंतीतली वायरिंग मालकाने सांभाळायची, यंत्रं वाढवण्याआधी भाडेकरूने सांगायचं. दोघेही हुशार. प्रत्येकाने फक्त दुसऱ्याचं कलम तोंडपाठ केलं.

"यंत्रं तुमची, निस्तरा तुम्हीच," मालक दारातूनच म्हणाले. आत आले नाहीत. पांढरे बूट मळले असते ना!

"आणि भिंत काय मी माहेराहून आणली?" ताई.

शेवटी बोलावलेला वायरमन म्हणाला, "भांडा नंतर. वायरिंग बदलेपर्यंत एकाच वेळी एकच इस्त्री लावा." त्याला मात्र दोघांनी मिळून हाकललं. तेवढं एकच काम त्यांनी एकजुटीने केलं.

मग ताईंनी माझ्या फ्यूजमध्ये तांब्याची जाड तार गुंडाळली. मी उडायचा थांबलो. "वा, डोकं आहे तुम्हाला!" मालक म्हणाले. राखणदाराच्या तोंडात बोळा कोंबायचा आणि वर म्हणायचं, घर कसं शांत आहे!

चिमीच्या हाताला भिंतीचा ताप लागला तो त्यानंतर चार दिवसांनी. पाचव्या दिवशी भरदुपारी भिंत पेटली. चिमी माझ्याखालीच गाठोड्यावर झोपलेली. ताईंनी तिला ओढून बाहेर काढलं. पोरीच्या केसांची टोकं जळाली, ताईंचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. मालक धावत आले. पहिला प्रश्न काय? "करार कुठाय?"

चिमीच म्हणाली, "मी सांगितलं होतं ना, तिला ताप आलाय."

आता मी गाळ्यांमागच्या भंगारात पडून आहे. माझी काळजी नको. पण शेजारचा गाळाही त्याच मालकांचा, आणि तिथला बोर्ड माझ्याबरोबर एकाच दिवशी बसवलेला. त्याच्याखाली शिंपीआजोबा भिंतीला पाठ टेकून बसतात. परवाच गिऱ्हाइकाला म्हणत होते, "हल्ली इथे छान ऊब लागते, कंबर धरत नाही."

मित्रांनो, बोर्डाला हात लावू नका. घरातल्या मोठ्या माणसाला घेऊन आजच जा आणि आजोबांना आधी तिथून उठवा. जरा मोठ्याने हाक मारा. त्यांना कमी ऐकू येतं.