कोपऱ्यातलं नाव

हिराबाईंचा हात काळ्या पाण्याच्या बादलीपाशी गेला आणि थांबला. शेजारच्या बादलीत नळाचं साधं पाणी होतं. हातातली सागाची कोवळी पानं त्यांनी त्यातच बुडवली, निथळली आणि शिरांची बाजू खाली करून कागदावर एकेक दाबून बसवली.

शाहूपुरीतल्या त्या हॉलमध्ये वीसेक पाहुणे कागदावर पानांचे ठसे उमटवण्याचं प्रात्यक्षिक खुर्च्या सरसावून बघत होते. कुणाच्या काही लक्षात आलं नाही. ते ठेवणाऱ्या चित्रकार भूमिकाताईंच्याही नाही. त्यांनी स्वतः पान कधी बुडवलंच कुठं होतं! त्या माइकवर सांगत होत्या, "लोखंडाच्या पाण्याचं हे तंत्र मी तीन वर्षं प्रयोग करून शोधलं."

गंजके खिळे आणि गूळ माठभर पाण्यात पंधरा दिवस मुरवायचा, ही हिराबाईंच्या आईची युक्ती. पेठ वडगावला आई त्या पाण्यात लुगडी काळी करायची. हिराबाई ताईंकडं फरशी पुसायच्या कामाला लागल्या होत्या. ताईंचे कागद फिके येतात हे बघून त्यांनीच एक दिवस माठ भरून आणला. तेव्हापासून पानांच्या कडा काळ्याभोर उमटू लागल्या, शीर न् शीर दिसू लागली. कागद पुण्या-मुंबईला गेले. कोपऱ्यात सही मात्र एकट्या ताईंची.

गेल्याच आठवड्यात त्यांनी धीर करून विचारलं होतं.

"ताई, एका कागदाखाली तरी माझं नाव घाला की."

"मावशी, लोकं कलाकाराचं नाव बघून घेत्यात. तुमाला कोण वळखतंय?"

होऊ दे आज ताईंची फजिती चारचौघांत. हिराबाईंनी कागद दोन फरश्यांमध्ये घातले, सुतळीनं करकचून आवळले आणि वाफेच्या पातेल्यात ठेवले.

दीड तास चहा आणि भाषणं झाली. मग गठ्ठा निववून त्यांनी पहिला कागद उलगडला, आणि सूड उगवल्याचं सुख दूरच, त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पान उमटलं होतं, पण जेमतेम, धुऊनही न गेलेल्या डागासारखं. असलं काम त्यांनी आजवर कुणाला दाखवलं नव्हतं.

भूमिकाताईंचा चेहरा उतरला. त्या घाईघाईनं म्हणाल्या, "आजचं सगळं मावशींनीच केलंय, हं. हिराबाईंनी. मी हातसुद्धा लावलेला नाही."

पुढच्या रांगेतले उदयसिंह उठले. ताईंचं पुढच्या महिन्यातलं प्रदर्शन त्यांच्याच कलादालनात होतं. त्यांनी कागद उजेडाला धरला आणि बराच वेळ बघत राहिले.

"वा! काय हळुवार काम हाय. हेच दाराशी लावायचं."

"सायेब, बिघडलंय त्ये," हिराबाई पुटपुटल्या. "रंग धरला न्हाय त्यानं."

"बघा, कलाकार असा पायजे! जरा म्हणून गर्व न्हाय."

टाळ्या पडल्या. सगळ्यांत जोरात भूमिकाताईंनी वाजवल्या. उदयसिंहांनी खिशातलं पेन काढून हिराबाईंच्या हातात दिलं आणि कागदाचा कोपरा दाखवला.

हिराबाईंनी एकदा त्या फिकट पानाकडं बघितलं. मग खाली वाकून त्या नाव लिहू लागल्या.

"ठळक लिहा, मावशी," उदयसिंह म्हणाले. "लांबनं दिसलं पायजे."