नेवाची पट्टी

"गाण्याची पट्टी उतरवायची नाही म्हणजे नाही," वेंडल टॅकेट म्हणाला आणि खोकला.

काचेपलीकडून मार्लीनचा आवाज आला. रेकॉर्डिंग तीच सांभाळत होती. "टॅकेटसाहेब, चार वेळा झालं. चारही वेळा वरच्या ओळीला आवाज फाटला."

"फाटू दे. पाचव्यांदा शिवू."

बास वाजवणारा डूई हसला. मला हसू आलं नाही. सोमवारी वेंडलच्या घशाची शस्त्रक्रिया होती. नंतर गाता येईल की नाही, हे डॉक्टर सांगत नव्हते. अल्बमची नऊ गाणी झाली होती, सगळी नवी, त्यानेच लिहिलेली. दहावं राहिलं होतं आणि हातात फक्त आजची दुपार होती.

पन्नास वर्षांपूर्वी रेकॉर्ड कंपनीने न विचारता त्याच्या गाण्यात व्हायोलिनं घातली, तेव्हा टेपांची पेटी काखेत मारून तो नॅशव्हिलहून थेट टेक्सासला निघाला होता. पेपरवाले त्याला बंडखोर म्हणू लागले. त्या गाडीत पुढे त्याची बायको नेवा होती आणि मागे मी, मांडीवर पुस्तक आणि शेजारी स्टील गिटार. येतोस का, असं मला कुणी विचारलं नव्हतं. मीही काही बोललो नव्हतो. पुढेही कधी बोललो नाही.

हे दहावं गाणं त्याने नेवाच्या शेवटच्या हिवाळ्यात लिहिलं. मक्याचा पाव भाजता भाजता ती त्यावर वरचा सूर धरायची. तिचा तो सूर 'ए' पट्टीतच बसायचा. म्हणून आज वेंडलशेजारी दुसरा मायक्रोफोन उभा होता. त्याच्यासमोर कुणी नव्हतं.

आम्ही वाजवणारे गाण्यातले कॉर्ड आकड्यांत लिहितो. एक, चार, पाच. पट्टी बदलली तरी आकडे तेच राहतात, फक्त कोपऱ्यातलं पट्टीचं अक्षर बदलतं. वेंडलने त्या 'ए'भोवती दोनदा गोल काढला होता.

गाण्याची सुरुवात माझ्या स्टीलने व्हायची.

"ऑरिन, झोपलास का रे म्हाताऱ्या? चल."

मी पोलादी कांडी तारांवर टेकवली. कांडी दोन घरं खाली नेली आणि 'ए'ऐवजी खालच्या 'जी'मध्ये सुरू केलं.

डूईने चमकून पाहिलं, मग निमूट माझ्या पट्टीत आला. वेंडलची मान वळली. मी तारांवरून नजर उचलली नाही. त्याची ओळ यायला चार मात्रा उरल्या. दोन. त्याने नुसता हात वर केला असता, तरी सगळं थांबलं असतं.

तो गायला. वरच्या ओळीला आवाज खरखरला, पण टिकला.

शेवटचा सूर विरेपर्यंत कुणी हललं नाही.

"कुणी सांगितलं होतं तुला?" वेंडलने विचारलं.

"हात सरकला."

"पन्नास वर्षांत नाही सरकला तो!"

बरोबर केलं की चूक, हे मला अजूनही ठरवता आलेलं नाही.

"नेवाने तवा घातला असता तुझ्या डोक्यात." त्याने पेन्सिल मागून घेतली, 'ए' खोडला आणि 'जी' लिहिला. "आता एकदा तिच्या पट्टीत वाजव. मी गाणार नाही."

"रेकॉर्ड करू?" मार्लीनने हळूच विचारलं.

वेंडल दुसऱ्या मायक्रोफोनपाशी गेला, त्याचा स्क्रू सैल केला आणि वीतभर खाली, नेवाच्या उंचीला आणून पुन्हा घट्ट केला.

मी कांडी दोन घरं वर नेली.