अडतीस नंबरचा पेपर

मंगळवार, ३ डिसेंबर २०१९, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटं. दक्षिण कोरियातल्या ग्वांगजूच्या परीक्षा केंद्रात ब्यॉन ओक-हीला तिनेच तपासलेल्या साठ पेपरांचा गठ्ठा परत मिळाला. वर चिठ्ठी होती : दुसऱ्या परीक्षकाच्या गुणांशी जुळणी एकाहत्तर टक्के. किमान नव्वद हवी.

पेपर चौथीच्या मुलांचे होते, विशेष वर्गाच्या निवडीसाठीचे. ‘रिकाम्या डब्याचे सुचतील तितके उपयोग लिहा.’ सर्जनशीलता मोजायची ती अशी. प्रत्येक पेपर दोन परीक्षक वेगवेगळे तपासत. कुठलं उत्तर दुर्मीळ आणि कुठलं सर्रास, याची यादी होती. आठ वर्षांपूर्वी सोलच्या मुलांच्या उत्तरांवरून केलेली. दुर्मीळ उत्तराला दोन गुण, सर्रास उत्तराला शून्य.

दुसरी परीक्षक गिल मि-रान सपाता फरफटत तिच्या टेबलापाशी आली.

“ताई, काय केलंस हे? परग्रहवाल्यांच्या अँटेनाला शून्य?”

“एकतीस जणांनी लिहिलंय. शब्दन् शब्द तोच.”

“लिहिणारच. शिकवणीत घोकून घेतात. माझ्या भाच्याला तसली चाळीस येतात. झोपेतून उठवून विचार.”

“मग ते दुर्मीळ कसं?”

“यादीत आहे ना दुर्मीळ. तू कशाला डोकं चालवतेस? त्याचा पगार नाही आपल्याला.”

ओक-हीने गठ्ठा पुढे ओढला. सव्वीस वर्षं तिने प्राथमिक शाळांत कंत्राटावर शिकवलं होतं. वाद घालत नाही म्हणून दर वर्षी तिचं कंत्राट पुढे चालू राहायचं. या केंद्रातला हा तिचा पाचवा हिवाळा.

खरी अडचण अँटेनाची नव्हती, अडतीस नंबरची होती. त्या मुलाने तीनच उत्तरं लिहिली होती. तिसरं असं : ‘दाराशी खिळ्याला उलटा टांगायचा. आजी टांगते. आवाजावरून वारा कुठला ते तिला कळतं. वाईट वारा असला की ती आईला समुद्रात बुडी मारायला जाऊ देत नाही.’

यादीत होतं : घंटा, वाद्य – सर्रास. ओक-हीने दोन गुण दिले होते. त्या दोन गुणांवर ते मूल निवडीत बसत होतं. शून्यावर बाहेर.

अकरा वाजता प्रकल्पप्रमुख डॉक्टर प्यो सांग-जिनने बोलावलं. वयाने तिच्या मुलासारखा. त्याने स्वतः उठून तिला सातूचा चहा ओतून दिला.

“बाई, तुमचं चुकलं असं मी म्हणत नाही. मला तर आवडलं ते उत्तर.”

“मग द्या की गुण.”

“मला आवडून काय उपयोग? उद्या पालक कोर्टात गेले तर मी दाखवू काय? दोघींचे आकडे जुळले, तर ते मोजमाप. नाहीतर आपापली आवडनिवड.”

“म्हणजे वेगळा विचार शोधायला एकसारखा विचार करणाऱ्या दोन बायका लागतात.”

तो हसला. “छान बोललात. अहवालात घालता येणार नाही, एवढंच.” मग आवाज उतरवून म्हणाला, “पुढच्या वर्षीच्या परीक्षकांची नावं गुरुवारी पाठवायचीत. गठ्ठा जुळला, तर तुमचं नाव घालायला मला सोपं जाईल.”

ती टेबलाशी परतली. एकतीस अँटेनांना दोन-दोन गुण दिले. हात कुठे अडखळला नाही, याचं तिला वाईट वाटलं. चारपर्यंत एकोणसाठ पेपर झाले. अडतीस नंबरवरचा दोन तिने खोडला, शून्य लिहिलं. शून्य खोडून पुन्हा दोन लिहिला. खोडरबराने कागद तिथे पातळ झाला होता.

मि-रान पाहत होती. “एकासाठी कशाला अडून बसतेस? त्या पोराला कधी कळणारही नाही.”

“मुलगी असेल.”

“तुला काय ठाऊक?”

“नाही ठाऊक.”

प्योने गठ्ठा तपासला, मान डोलावली. अडतीस नंबर वेगळा काढून पिवळ्या पाकिटात घातला आणि वर लिहिलं : मतभेद, तिसऱ्या परीक्षकाकडे. त्याचे गुण आल्याशिवाय पेपर निवडीत धरत नसत. उरलेल्या गठ्ठ्याची जुळणी सत्त्याण्णव टक्के भरली. अहवालात तपासलेले पेपर एकोणसाठ.

गुरुवारी पुढच्या वर्षीच्या परीक्षकांची यादी फलकावर लागली. ओक-हीचं नाव पहिलं होतं.

निवडीची यादी शुक्रवारी सकाळी दहाला लागणार आहे. गुरुवारी संध्याकाळी पाचपर्यंत तिसरा परीक्षक नेमलेला नव्हता.