मधे पडणारा रेझिस्टर

लग्नाची इभ्रत आमच्याकडे भोंग्यावर ठरते. जेवण अळणी झालं तरी खपतं, पण हळदीचं गाणं पलीकडच्या पाड्यावर ऐकू गेलं नाही तर सोयरे वर्षभर टोमणे मारतात. म्हणून सत्त्याण्णव साली आमच्या नवऱ्याने, म्हणजे अनंताने, कसाऱ्याचं रस्त्याचं काम सोडून खर्डीत लाऊडस्पीकरचा धंदा काढला, तेव्हा मी नको म्हटलं नाही. म्हटलं असतं तरी काय उपयोग? "तू मधी पडू नको गो," हे त्याचं ठरलेलं उत्तर.

अॅम्प्लिफायरची नवीकोरी पेटी पहिल्याच हळदीत मुकी झाली. चार भोंग्यांच्या अॅम्प्लिफायरला या शहाण्याने आठ जोडले होते. चार काढले की गायची, जोडले की गप्प. वऱ्हाडी पोट धरून हसले.

शहापूरला भाविक नावाचा एकजण रेडिओ दुरुस्त करतो. त्याने पेटी उघडून खडूच्या तुकड्याएवढा पांढरा, चौकोनी रेझिस्टर दाखवला. भोंग्यांकडे जाणारा सगळा करंट त्याच्यातून जातो. करंट वाढला की त्याच्या दोन टोकांमधलं व्होल्टेज वाढतं, शेजारचं सर्किट ते ओळखतं आणि आवाज बंद करतं, नाहीतर मोठे ट्रान्झिस्टर जळून जातील.

"पेटी बिघडली नाय, दादा," भाविक म्हणाला. "तुमी भोंगे कमी करा."

मला ते लगेच पटलं. अनंताला कसं पटणार? आमच्याकडे फ्यूज उडाला की तिथे सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळतात, आणि मीटर जळेपर्यंत गुंडाळणाऱ्याला सगळे हुशार म्हणतात. त्याने घरी येऊन रेझिस्टरच्या या टोकापासून त्या टोकाला तांब्याची जाड तार डाग देऊन जोडली. आता करंट तारेतून जाणार आणि रेझिस्टर नुसता बसून राहणार.

"अवो, भाविक काय बोलला ता ऐकलंत ना?"

"तू मधी पडू नको गो."

पेटी आठ भोंग्यांवर अशी गर्जली की अनंताचं नाव मुरबाडपर्यंत गेलं. पौषात म्हसा गावच्या जत्रेचं काम मिळालं. ते नीट पार पडलं तर वर्षभराच्या सुपाऱ्या, फसलं तर परत कसारा आणि परत डांबर. मी पुन्हा म्हटलं, तार काढा. त्याने माझ्याकडे बघितलंही नाही.

जत्रेत मीही गेले होते. बैलबाजारात एका खिल्लारी बैलाचे दात बघणं चाललं होतं. तो मागे सरकला आणि त्याचा खूर नेमका भोंग्याच्या वायरीवर पडला. आतल्या दोन तारा एकमेकींना चिकटल्या. मोकळा असता तर रेझिस्टरने तिथेच आवाज बंद केला असता, आम्ही वायर बदलली असती आणि काम पुढे चाललं असतं. पण त्याला कळायला वाट होतीच कुठे? भोंगा खरखरला आणि पेटीतून धूर निघाला. बैल रवंथ करत राहिला. जत्रेवाल्यांनी माईक मुरबाडच्या एका लाऊडस्पीकरवाल्याच्या हातात दिला. मला आधी संताप आला होता, पण अनंताचा चेहरा बघितला आणि रडूच आलं.

भाविकने पेटी उघडली. आत सगळं काळंठिक्कर, आणि मधोमध तो रेझिस्टर, दुकानातून आणल्यासारखा पांढरा.

"बघ," अनंता म्हणाला, "सगली मेली, ह्यो एकटाच जित्ता. ह्योच कामचुकार."

मीच बोलले. "त्याच्या अंगातून तुमी काय जाऊच दिला नाय. त्याला कलनार कसा?"

अनंताने वाकून त्या तारेवरून बोट फिरवलं.

सोमवारी तो कसाऱ्याला निघाला. डबा घेतला, चपला घातल्या आणि उंबऱ्यात थांबला. लग्नाला बारा वर्षं झाली होती, असा तो कधी थांबला नव्हता.

"जाऊ ना?" त्याने विचारलं.

आता विचारून काय उपयोग, असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. "जा," मी म्हटलं.