व्यायामाआधीचं रक्त

“वस्ताद, व्यायाम न करता आलात ना?” दंडाला रबरी पट्टा बांधत मंजुषाने विचारलं.

“मारुतीरायापुढं पाचशे बैठका मारल्याबिगर तालमीबाहेर पाय पडत नाय आपला, ताई.”

“अहो, कालच बजावलं होतं!”

“तुमच्यापायी देवाला खाडा करू व्हय? अन् तो कुठला व्यायाम? पूजा हाय ती.”

मंजुषा हसली. एकादशीचं कीर्तन कधी न चुकवणारी ती. पूजा म्हटल्यावर तिला पुढे बोलवेना. तिने सुई टोचली.

सत्त्याण्णव साल. नाशिकच्या एका व्यायाम महाविद्यालयात अभ्यास चालला होता. वजनं उचलल्यावर रक्तातल्या पांढऱ्या पेशी किती वाढतात, कमावलेल्या शरीरात किती, न कमावलेल्यात किती. एकदा व्यायामाआधीचं रक्त, एकदा नंतरचं. मोजणी मंजुषाकडे.

पंचवटीतल्या तालमीचे वस्ताद खंडेराव यांच्या आधीच्याच रक्तात पेशी जवळजवळ दुप्पट निघाल्या.

“एवढ्या कशा?” अभ्यास चालवणाऱ्या सरांनी विचारलं.

“बैठका मारून आले होते, सर.”

“मग वगळा त्यांना.”

तिने नावावर रेघ मारली. एखाद्या दिवशी बैठकांआधीच पुन्हा रक्त घेऊन पाहावं, असं मनात आलं होतं. पण परीक्षा आल्या, आणि ते राहून गेलं.

दोन वर्षांनी खंडेराव स्वतःच दवाखान्यातला तपासणीचा कागद घेऊन तिच्या दारात उभे राहिले. “दवाखान्यात इंग्रजीत बोलत्यात. तुम्ही वाचून दाखवा.” मानेला गाठी होत्या, सदरा खांद्यावरून ओघळत होता. तिने कागद वाचला. तेव्हा तिला सांगवलं नाही. दुसऱ्या दिवशी ती तालमीत गेली. खंडेराव बाहेर ओट्यावर बसले होते.

“वस्ताद, रक्ताचा कर्करोग आहे. आणि मला तेव्हाच दिसलं होतं. वाटलं, बैठकांनी वाढल्यात पेशी. पुन्हा तपासायला हवं होतं मी.”

आत कुस्तीच्या हौद्यात पठ्ठ्यांच्या मांड्यांवर शड्डू वाजत होते.

“तवा कळलं असतं, तर वाचलो असतो?”

“कदाचित.”



“देवाचं नाव म्या पुढं केलं, तुम्ही ऐकलंत,” ते म्हणाले. “त्यात देवाला काय बोल लावायचा? डोळे पुसा. पोरांनी विचारलं तर काय सांगू?”

उठायला गेले, पण गुडघ्यांनी साथ दिली नाही. मंजुषाने हात पुढे केला. खंडेरावांनी आधी आत बघितलं. साऱ्या पोरांची त्यांच्याकडे पाठ होती.

मग त्यांनी तिचा हात धरला.