कुंकवापायी माझी काच फुटली

मित्रांनो, माझी काच नवी आहे, बाकीचा मी पंचेचाळीस वर्षांचा. चार माणसांच्या एका छोट्या विमानात मी राहतो. विमान वर चाललंय की खाली, आणि किती घाईने, हे माझा काटा सांगतो. आपण मला चढउताराचं घड्याळ म्हणू. माझा जन्म अमेरिकेतला, पण मरोळच्या वर्कशॉपमध्ये दोनदा पोट उघडून झाल्यामुळे संस्कार मरोळचे.

माझं काम श्वासावर चालतं. विमानाच्या कुशीवर रुपयाएवढी चकचकीत चकती आहे, तिच्या मधोमध बारीक भोक. बाहेरची हवा त्या भोकातून, नळीवाटे आमच्यापर्यंत येते. वर गेलं की हवा विरळ, खाली आलं की दाट. माझ्या पोटातली पातळ पत्र्याची डबी हा फरक ओळखते आणि काटा हलवते. उंचीचं आणि वेगाचं घड्याळ हे माझे शेजारी, तेही त्याच नळीवर जगायचे. कौतुक मात्र त्यांचंच. "बघ, तीन हजार फूट," असं पाहुण्यांना दाखवतात. "बघ, मिनिटाला दोनशे फूट उतरतोय," असं कोणी कधी दाखवलं नाही. मी रागावलो नाही. रागासाठी माझ्या तबकडीवर आकडेच नव्हते.

विमानाचे मालक नंदकुमार. बाटल्यांची झाकणं बनवायचा त्यांचा कारखाना. साठी उलटलेले, सुट्टीच्या दिवशी जुहूहून उडायचे. यंदा त्यांनी विमानात इलेक्ट्रॉनिक पडदा बसवला. रंगीत, बोलका, बाईच्या आवाजात इंग्रजी बोलणारा. मरोळचा मेकॅनिक श्यामकांत आला आणि माझ्या शेजाऱ्यांना खोक्यात भरून घेऊन गेला. मी तेवढा उरलो.

"श्यामकांत, हे एक कशाला ठेवलंस?" नंदकुमारांनी विचारलं.

"साहेब, ते काढलं की भोक दिसणार. झाकायला पत्रा कापून आणतो दसऱ्यानंतर. तोवर राहू दे ना. नळी जोडलेलीच आहे, कोणाचं काय खातंय?"

एवढ्या शिफारशीवर माझी नोकरी टिकली. आधी मला वाटायचं, हा पडदा एवढा हुशार, त्याला श्वास लागत नसेल. लागतो. मागून तोही त्याच नळीला जोडलेला आहे. समोरून कळत नाही, इतकंच.

दसऱ्याच्या सकाळी नंदकुमारांच्या पत्नी शुभाताई पूजेचं ताट घेऊन आल्या. दसऱ्याला यंत्राच्या कपाळी कुंकू लावायचं असतं, पण विमानाचं कपाळ कुठे असतं हे कोणी ठरवलेलं नाही. शुभाताई एक प्रदक्षिणा घालून त्या चकचकीत चकतीपाशी थांबल्या. चकतीखाली लाल अक्षरांत 'इथे काही लावू नये' अशा अर्थाचं इंग्रजी लिहिलेलं आहे. शुभाताईंनी ते नीट वाचलं. पण कुंकू म्हणजे काही लावणं नसतं. त्यांनी ओलं कुंकू ठसठशीत लावलं, वर अक्षता चिकटवल्या. एका तांदळाला भोक बरोब्बर सापडलं.

उडण्याआधी नंदकुमार कागदावरची यादी घेऊन विमान तपासत फिरतात. चकतीपाशी आले, कुंकू पाहिलं, खिशातून रुमाल काढला. शेजारी शुभाताई उभ्या होत्या. बायकोने लावलेलं कुंकू नवऱ्याने पुसायचं, तेही दसऱ्याला, तेही तिच्या देखत. त्यांनी रुमालाने कपाळाचा घाम पुसला आणि यादीवर बरोबरची खूण केली.

दोघांना घेऊन आम्ही उडालो. वर्सोव्याबाहेर समुद्रावर पांढरं धुरकट होतं, पाणी कुठे संपतं आणि आकाश कुठे लागतं ते कळेना. विमान चढत होतं आणि माझा काटा शून्यावर. मला वाटलं, झालं, वय बोललं. तेवढ्यात पडद्यावरचा वेग उतरू लागला. साठ, चाळीस, वीस. मग पडद्यातली बाई बोलू लागली. वेग कमी आहे, वेग कमी आहे. वेग संपला की विमान पडतं, म्हणून नंदकुमारांनी विमानाचं नाक खाली घेतलं.

"अहो, काय चाललंय?" शुभाताईंनी विचारलं.

"वेग गेलाय. नाक खाली घालून मिळवतोय."

"वाऱ्याचा आवाज तर वाढलाय."

"पडदा शून्य दाखवतोय, शुभा."

"पडद्याचं राहू द्या. खाली होड्या बघा. मघाशी मुंगीएवढ्या होत्या."

"मग?"

"आता माणसं दिसतायत. एक हात करतोय."

नंदकुमारांनी नाक वर ओढलं. पडद्यावरची उंची जमिनीवरच्याच आकड्यावर अडकली होती; उपग्रहाने मोजलेली खरी उंची आत कुठल्याशा पानावर होती. त्यांनी बोट फिरवलं. मेन्यू आला, त्यात आणखी एक मेन्यू आला. मग त्यांची नजर माझ्यावर पडली. विमान सूर मारून वर आलं आणि मी शून्यावर ढिम्म. पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदाच माझ्याकडे कोणी इतकं निरखून पाहिलं.

"नळी बंद आहे," ते म्हणाले. "पडद्याला हवाच मिळत नाहीये." अशा वेळेसाठी नव्या विमानांत दुसरी सोय असते. आमच्यात नव्हती. "शुभा, ह्या घड्याळाची काच फोड."

"अहो, चांगलं घड्याळ आहे."

"फोड म्हणतोय ना. आतली हवा त्याच्यातून नळीत जाईल."

"कशाने फोडू? कुयरी आहे फक्त."

"टोक आहे ना तिला? मार."

हळदकुंकवाची ती पितळी कुयरी शुभाताईंच्या आईची, चांगली वजनदार. तीन घावांत माझी काच गेली. कुंकू पडद्यावर, नंदकुमारांच्या पांढऱ्या शर्टावर, सगळीकडे उडालं. आणि माझ्या फुटक्या तोंडातून, हळूहळू, हवा नळीत शिरली. पडद्याने दम घेतला. उंची आठशे फूट. वेग ऐंशी. बाई गप्प झाली. मित्रांनो, काच फुटली की आमचा काटा उलटा चालतो, चढताना उतार दाखवतो. नंदकुमारांना ते ठाऊक होतं. शिवाय त्यांनी वीस वर्षं भागीदारीत धंदा केला होता.

जुहूला चाकं टेकली. इंजिन थांबलं तरी दोघं बसून राहिले. मग शुभाताईंनी डबा उघडला आणि त्यांच्या हातात श्रीखंडपुरी दिली. त्यांनी ती खाल्ली. दुसरी मागून घेतली. तेव्हा मला कळलं की आम्ही सगळे वाचलो.

फोन केल्यावर श्यामकांत आला. "साहेब, दसऱ्यालाच होळी?" म्हणाला, आणि सुईने भोकातला तांदूळ बाहेर काढला. "हे कोणाचं काम?"

"माझं," शुभाताई म्हणाल्या. "आणि ह्यांनी पाहिलं होतं."

"मग पुसलं का नाही, साहेब?"

"तिच्या देखत?"

"मला सांगायचं होतंत," शुभाताई म्हणाल्या. "मीच पुसून चार बोटं बाजूला लावलं असतं. तुमच्या आयुष्यासाठी लावलं होतं मी ते. तुम्ही ते जपायला आयुष्यच द्यायला निघालात."

नंदकुमारांनी खाली मान घालून शर्टावरचं कुंकू झटकलं. मग म्हणाले, "श्यामकांत, तो पत्रा कापू नकोस. काच बसव."

"आणि बाहेरचं भोक बुजलं तर आतली हवा घ्यायची एक वेगळी तोटी?"

"तीही बसव. दर वेळी कुयरी कुठून आणायची?"

तर मी आहे. पडद्याशी माझं आता बरं जमतं. त्याच्या पोटात प्रत्येक उड्डाणाची नोंद असते. त्या दिवशीच्या नोंदीत माझं नाव नाही, पण दिलेला श्वास कोणी उधारीत मोजत नसतं.

मित्रांनो, तुमच्या घरी जुनं, नवं जे काही यंत्र असेल, त्याची पूजा जरूर करा. फक्त ते श्वास कुठून घेतं एवढं आधी विचारून ठेवा. आणि तिथे कोणी मायेने काही लावलेलं दिसलं, तर त्या माणसाला सांगा आणि पुसून टाका. माया पुसली जात नाही.