हेलेनाचे शुक्रवारचे सिनेमे

माझी भावजय हेलेना वीब हिने पहिला सिनेमा पाहिला तेव्हा तिची साठी उलटली होती. आम्हा मेनोनाइट या कडक ख्रिस्ती पंथातल्या बायकांना सिनेमा म्हणजे पाप, एवढंच लहानपणी शिकवलेलं. माझा भाऊ गेल्यावर एका शुक्रवारी तिने मला गाडीत बसवलं आणि शेजारच्या गावातल्या थिएटरात नेलं. तेव्हापासून आमचा शुक्रवार चुकलेला नाही. तिथे पडदा एकच, त्यामुळे लागेल तो सिनेमा बघायचा.

मी बघते आणि गप्प बसते. हेलेनाला ते जमत नाही. रविवारची प्रार्थना संपली की चर्चच्या अंगणात ती शुक्रवारचा सिनेमा सांगायला लागायची आणि पाच-सहा बायका सूर्यफुलाच्या बिया सोलत ऐकत राहायच्या.

मग एका मंगळवारी आब्राम ड्यूक आला. तो चर्चचा कारभारी, प्रवचनंही तोच देतो, शिवाय हेलेनाचा मावसभाऊ. आम्ही दोघी वेरेनिके, म्हणजे सारण भरून उकडायच्या करंज्या, वळत होतो. त्याने टोपी काढली, पण बसला नाही.

"तू भुताच्या सिनेमाचं कौतुक करत होतीस म्हणे. तेही देवाच्या दारात."

"करत होते. मेलेली सासू रोज रात्री येऊन सुनेची भांडी घासून जाते. जिवंतपणी कधी ताट उचललं नाही, त्याचा पश्चात्ताप. मी तर रडले. तुझ्या मागच्या तीन प्रवचनांत कुणी रडलं का?"

मी पिठात मान घातली.

"आणि तो दरोड्याचा?"

"तो फसला. चोर इतके देखणे की पोलिसांची कीव येते. पण बेडकाचं कार्टून मात्र सोन्यासारखं. पोरांसाठी म्हणे. मोठ्यांना दाखवा आधी. आणि अंतराळातला तो एकटा गडी, बिघडलेल्या पंपाशी बोलत बसलेला, तो तर आपल्याच गावचा वाटतो."

"हेलेना, हे थांबव. नाहीतर तुला गाण्याच्या पथकात उभं राहता येणार नाही."

तिचे हात थांबले. त्या पथकात ती लग्नाआधीपासून गात होती. माझ्या भावाने तिला पहिल्यांदा पाहिलं तेही तिथेच.

"नाही उभी राहणार," ती म्हणाली. "कॉफी पिऊन जा. या थंडीत गाडी गरम व्हायला वेळ लागेल."

तो गेल्यावर ती बराच वेळ एकच वेरेनिका दाबत बसली. मी म्हटलं, "दोन आठवडे गप्प राहिलीस तर विसरतील गं."

"ते विसरतील. मी गप्प बसले, हे मी कशी विसरू?"

रविवारी ती शेवटच्या बाकावर बसली आणि तिथूनच इतक्या मोकळ्या आवाजात गायली, की पुढचं पथक तिच्या मागून चालल्यासारखं वाटलं. प्रार्थना संपल्यावर ती अंगण ओलांडून सरळ रस्त्यापलीकडे गेली. "हा रस्ता सरकारी आहे, देवाचं दार नाही," तिने मला ऐकवलं. वारा चावत होता. आधी मी एकटीच तिच्याजवळ होते. मग लोपकींची विधवा सून आली. मग पथकातल्या दोन बहिणी. आणि शेवटी, कोटाची कॉलर वर करून, आब्रामची बायको आना.

"अंतराळातला तो परत येतो का?" तिने विचारलं.

"ते सांगणार नाही. पुढच्या शुक्रवारी गाडीत जागा आहे."

अंतराळवाला सिनेमा तोवर उतरला होता, प्रेमकथा लागली होती. तरीही आना आली. नवऱ्याला काय सांगून आलीस, असं मी विचारल्यावर म्हणाली, "सिनेमाला जाते असं सांगितलं. तो जेवत होता, जेवतच राहिला."

परतताना हेलेना त्या प्रेमकथेवर अशी काही खूश होती की विचारू नका. मागच्या सीटवरून आना शांतपणे म्हणाली, "मला नाही आवडला."

"काय नाही आवडलं?"

"पोरगी मूर्ख आहे. चांगली बेकरी चाललेली, ती विकून त्या व्हायोलिनवाल्यामागे गेली. तो तिला पाव तरी भाजून घालणार आहे का?"

हेलेनाने गाडी शेताच्या कडेला थांबवली आणि मागे वळली. "तू सिनेमा बघत होतीस की झोपली होतीस?"

"डोळे उघडे ठेवून बघत होते. तू रडत होतीस, तुला काय दिसणार?"

काचा धुरकटल्या. दोघींपैकी एकही मागे हटेना. मी पायाजवळची पिशवी उघडली आणि बिया सोलायला घेतल्या. घरी पोहोचायला आज उशीर होणार, हे दिसतच होतं.